शेरवानीच्या आतलं रिव्हॉल्व्हर

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सराफ आहे. काही वर्षांपूर्वी दुकानावर दरोड्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर रीतसर अर्ज करून .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना घेतला. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न पुण्यात एका लॉन्सवर आहे. घरच्या बायकांच्या अंगावर बरंच सोनं असेल, म्हणून रिव्हॉल्व्हर सोबत न्यायचं ठरवलंय. शेरवानीच्या आत कमरेला राहील, कुणाला दिसणारही नाही. पण लॉन्सचा मॅनेजर म्हणतो, हत्यार आत नेता येणार नाही. परवाना असताना तो मला अडवू शकतो का? मुलीकडचे राजकारणातले आहेत, त्यांचे गनमॅन तर येणारच. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तो म्हणतो, तिकडे शर्टाखाली पिस्तूल लावून कुठंही जाता येतं, तो हक्कच आहे. आत नेता येत नसेल तर गाडीत ठेवू की ड्रायव्हरकडे देऊ? शिवाय वरातीत हवेत दोन बार काढायचा मेहुण्यांचा हट्ट आहे. परवान्याचं नूतनीकरणही जवळ आलंय.
— एक वाचक

उत्तर :

नमस्कार,

पुतण्याच्या लग्नाच्या शुभेच्छा. मॅनेजरचं बरोबर आहे आणि भाच्याचं अर्धंच बरोबर आहे. मेहुण्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

‘कुणाला दिसणारही नाही’ असं तुम्ही ज्या निश्चिंतपणे लिहिलंय, त्यावरून दिसत नाही म्हणजे चालतं अशी तुमची समजूत झालेली दिसते. परवानाधारकांमध्ये ती सर्रास आढळते. २०१६च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार बाळगण्याबद्दल ३२ वा नियम आहे. छोटं हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि त्यावर तुमचा पक्का ताबा असला पाहिजे, असं तो सांगतो. ते बाहेर काढून मिरवणं, रोखणं, गोळी सोडणं, अगदी नुसता आवाजाचा बार काढणंही सार्वजनिक ठिकाणी चालत नाही. म्हणजे झाकून ठेवणं ही तुमच्यावर घातलेली अट आहे, जाल तिथं हत्यार नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. दुकान बंद करून रोकड घेऊन घरी जाताना रिव्हॉल्व्हर कमरेला असेल तर ते झाकलेलंच हवं. पण झाकलंय म्हणून ते घेऊन जत्रेत जाता येत नाही.

जत्रेचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. आज संध्याकाळी तुमचा परवाना काढा आणि त्यावर छापलेल्या अटी वाचा. बहुतेक जण पहिल्या पानावरचं नाव, हत्याराचा क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून तो परत कपाटात ठेवतात. तुमच्यासारख्यांना परवाना ज्या छापील नमुन्यात मिळतो, त्या ‘नमुना तीन’वरची एक अट थोडक्यात अशी आहे : ज्या कारणासाठी परवाना दिला त्याच कारणासाठी, सद्हेतूने हत्यार बाळगायचं, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय ते जत्रा, धार्मिक मिरवणूक, इतर सार्वजनिक जमाव किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. हत्यार दिसतंय की लपलंय, याच्याशी या अटीला काही देणंघेणं नाही. गणपतीची मिरवणूक, यात्रा, राजकीय सभा, शाळेचं स्नेहसंमेलन या सगळ्यांचं उत्तर या एका अटीत आहे.

आता लग्न हा सार्वजनिक जमाव आहे का? तुमच्या बाजूचा वकील म्हणेल, नाही. निमंत्रितांचा खासगी समारंभ आहे. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तुमच्या पत्रिका किती छापल्या आहेत? आपल्याकडे सराफाच्या घरचं लग्न म्हणजे गिऱ्हाईक, व्यापारी, आडते, बँकेचे लोक आणि त्यांच्यासोबत आलेले, ज्यांना तुम्ही ओळखतही नाही असे. त्यात मुलीकडचे राजकारणातले, म्हणजे कार्यकर्ते आलेच. हजार-दोन हजार माणसं, उघडं लॉन, दारात कुणी पत्रिका विचारत नाही. हा खासगी समारंभ आहे हे कोर्टात पटवता येईलही, पण ते पटवायला तुम्हाला कोर्टात उभं राहावं लागेल, आणि तोवर रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या मुद्देमालात असेल. शिवाय वरात तर सार्वजनिक रस्त्यावरूनच येणार. तिथे वादालाही जागा उरत नाही.

त्यात पुणे म्हणजे पोलीस आयुक्तालय. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या ३७व्या कलमाखाली पोलीस हत्यारं, दांडकी, तलवारी घेऊन फिरायला ठरावीक काळापुरती मनाई करू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका असल्या की असे आदेश एकामागून एक निघत राहतात. पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी येते आणि कुणी वाचत नाही. लग्नाच्या आठवड्यात असा आदेश आहे का, हे तिथल्या पोलीस ठाण्यात फोन करून कळेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर प्रकरण आणखी वेगळं. तेव्हा छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना हत्यार पोलिसांकडे जमाच करावं लागतं. आणि मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास हत्यार घेऊन गेलात तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३४-ब कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोषी ठरलात तर परवानाही आपोआप रद्द. हे तुमच्या लग्नाशी संबंधित नाही, पण कमरेला रिव्हॉल्व्हर लावून मतदानाला जाणारे महाभाग असतात म्हणून सांगून ठेवलं.

परवाना कुठपर्यंत चालतो, तेही पाहून घ्या. तुमचा जिल्हा, राज्य की अखिल भारत, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. फक्त सोलापूर जिल्ह्यापुरता असेल तर भिगवणच्या अलीकडेच तुमचं रिव्हॉल्व्हर बेकायदा होईल आणि लॉन्सचा प्रश्नच उरणार नाही.

मॅनेजरचा मुद्दा सगळ्यात सोपा आहे. हत्यार बाळगलं म्हणून पोलिसांनी तुमच्यावर बेकायदा हत्याराचा गुन्हा नोंदवू नये, एवढंच परवान्याने साधतं. दुसऱ्याच्या जागेत शिरण्याचा अधिकार त्यातून येत नाही. मॉल, मल्टिप्लेक्स, हॉटेल, मेट्रो सगळीकडे दारात मेटल डिटेक्टर असतात आणि तिथे परवाना दाखवून उपयोग होत नाही. लॉन्सच्या मालकाचंही तेच. उद्या तिथं काही झालं तर पहिली नोटीस त्याला येईल. त्याच्याशी हुज्जत घालू नका. उलट त्याने आधी सांगितलं हे बरं. ऐन मुहूर्ताच्या वेळी दारात बाउन्सरने वरपक्षाच्या काकांची झडती घेतली असती तर तुमच्या वहिनींनी ते जन्मभर ऐकवलं असतं.

गनमॅनची गोष्ट वेगळी. मुलीकडच्यांपैकी कुणाला सरकारी संरक्षण असेल तर तो अंगरक्षक पोलीस असतो, कर्तव्यावर असतो आणि त्याचं हत्यार सरकारचं असतं. शस्त्र कायदा त्याला लागू होत नाही. खासगी गनमॅनचं तसं नाही. त्यालाही परवाना लागतो, तुमच्यासारख्याच अटी असतात आणि मॅनेजर त्यालाही बाहेर थांबवू शकतो. थांबवेल की नाही, हा भाग वेगळा. आपल्याकडे पांढऱ्या गाडीतून कोण उतरलं यावर ते ठरतं. पण त्याला सोडलं म्हणून तुमची अट शिथिल होत नाही.

आता हक्काबद्दल. भाच्याने हा शब्द वापरला आणि तुम्हाला तो आवडलेला दिसतो. आपल्याकडेही ही मागणी एकेकाळी गांभीर्याने केली गेली होती. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी इथल्या माणसाला निःशस्त्र केलं, याचा राग मोठा होता. १९३१च्या काँग्रेसच्या कराची ठरावात नागरिकांना नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. परकीय सत्तेने सरसकट शस्त्रं काढून घेतली म्हणून ती मागणी समजण्यासारखी होती. पण स्वतंत्र देशात चोरापासून सज्जनापर्यंत प्रत्येकाला असा मूलभूत हक्क कसा देणार, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. उलट १९व्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिलाय तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ असा. म्हणजे हत्यार आणि जमाव या दोन गोष्टी आपल्या घटनेने मुळातच वेगळ्या ठेवल्या आहेत. पुढे १९५९चा शस्त्र कायदा आला तोही परवान्याचा. परवाना ही सरकारने कारण पाहून दिलेली सवलत आहे आणि तुमचं कारण आहे दुकान.

टेक्सासबद्दल भाचा जे सांगतो त्यात तथ्य आहे. १ सप्टेंबर २०२१पासून तिथे एकवीस वर्षांवरच्या, इतर कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. पण ‘कुठंही’ मात्र खरं नाही. शाळा, न्यायालयं, मतदान केंद्रं, व्यावसायिक आणि कॉलेजचे क्रीडा सामने, तसंच ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते असे बार, इथे पिस्तूल घेऊन जाणं गुन्हा आहे. खासगी जागेचा मालक दारावर फलक लावून हत्यार लपवून आणणाऱ्यालाही मनाई करू शकतो. त्या फलकाचा मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत हवा, इतकं बारकाईने कायद्यात लिहिलंय. तुमच्या लॉन्सचा मॅनेजर ह्यूस्टनमध्ये असता तरी त्याने तुम्हाला अडवलंच असतं. ह्यूस्टनवरून आठवलं : मे २०२२मध्ये तिथेच अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनचं अधिवेशन झालं. बंदूकधारकांच्या सगळ्यात बलाढ्य संघटनेचा हा मेळावा, पण डोनाल्ड ट्रम्प यांचं भाषण असलेल्या सभागृहात बंदुका न्यायला बंदी होती, कारण तिथली सुरक्षा सिक्रेट सर्व्हिसकडे होती.

आणि भाच्याला एक विचारा : तो कुठल्या व्हिसावर आहे? एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिकडचे आपले बरेच तरुण मित्रांसोबत शूटिंग रेंजवर जातात, फोटो टाकतात आणि हे त्यांना ठाऊक नसतं. तुमच्या पत्रातला खरा कायदेशीर धोका तुमच्यापेक्षा भाच्यालाच जास्त असेल, असंही होऊ शकतं.

गाडीत ठेवण्याचा विचार सोडून द्या. लॉन्सबाहेरच्या मोकळ्या मैदानात दोनशे गाड्या, चावी वॅलेवाल्याकडे, काच फोडून लॅपटॉप नेणं तर रोजचंच. हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर असते. ते चोरीला गेलं की तुम्ही फिर्यादी तर होताच, पण ‘कसं ठेवलं होतं?’ या प्रश्नाचे धनीही होता. आणि ते रिव्हॉल्व्हर पुढे ज्या गुन्ह्यात वापरलं जाईल, त्या गुन्ह्याच्या कागदांत तुमचं नाव येत राहील.

ड्रायव्हरला देणं त्याहून वाईट. दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी, त्याच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुसऱ्याने हत्यार नेण्याची एक छोटी वाट शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमात ठेवलेली आहे. तुम्ही आत पंगतीला आणि तो बाहेर गाडीत रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसलेला, हे त्यात बसत नाही. परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने हत्यार बाळगणारा माणूस म्हणून, त्याची रीतसर नोंद नसेल तर तो विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरतो. त्या गुन्ह्याची शिक्षा वर्षांत मोजतात. पगारी माणसाला असं अडकवू नका.

आणि ‘कमरेला राहील’ म्हणताय, ते दिवसभर राहणार कसं याचा विचार केलाय का? सकाळपासून निदान दीडशे जणांना वाकून नमस्कार. अक्षता, आहेर, फोटो. कुणाचं तरी पोर कडेवर. वरातीत ओढून नाचायला नेलं तर ते वेगळंच. ३२व्या नियमातला पक्का ताबा तो हाच. १ ऑक्टोबर २०२४ला अभिनेते गोविंदा यांना मुंबईत स्वतःच्या घरात, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. तिथे आजूबाजूला गर्दी नव्हती.

आता मेहुणे. त्यांना माझ्याकडून सांगा, किंवा हा परिच्छेदच वाचून दाखवा. डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झाला : कलम २५, पोटकलम ९. सार्वजनिक जमाव, धार्मिक स्थळ, लग्न किंवा इतर समारंभात गोळ्या झाडणं असा त्याचा अर्थ कायद्यातच दिलाय. लग्नाचा उल्लेख नावानिशी आहे. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने हे केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागली नाही तरीही. लागून माणूस गेला तर पुढे भारतीय न्याय संहिता आहेच. बार मेहुण्यांनी काढला तर ते विनापरवाना हत्यार हाताळणारे आणि तुम्ही ते त्यांच्या हाती देणारे, म्हणजे दोघंही एकाच गुन्ह्याच्या कागदावर. डिसेंबर २०१६मध्ये पंजाबात भटिंडा जिल्ह्यात एका लग्नात मंचावर नाचणारी तरुणी अशाच गोळीने गेली. ते चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. पुण्यात तर लॉन्सच्या चहूबाजूंनी दहा-दहा मजली इमारती असतात, आणि वरात बघायला लोक गॅलरीत येतात. ढोल-ताशा पथक लावा, मेहुण्यांना पाहिजे तेवढा आवाज त्यातून निघेल. तोही रात्री दहाच्या आत.

तुमची सोन्याची काळजी मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण धोका कुठे आहे ते बघा. दोन हजार लोकांच्या मांडवात कुणी बंदूक दाखवून सोनं लुटत नाही. तिथे खोलीतली पर्स जाते, रुखवतामागे ठेवलेली बॅग जाते. दोन्हींवर रिव्हॉल्व्हरचा उपाय नाही. खोलीला कुलूप लावा आणि घरातलं एक विश्वासू माणूस बॅगेपाशी बसवा. यंदा ती पाळी कुणाची, हे आधीच ठरवा, नाहीतर सगळे फोटोला जातात. दुसरा धोका वाटेवरचा. रात्री उशिरा दागिने अंगावर घेऊन सोलापूर रस्त्याने परतू नका. पुण्यातच राहा, दिवसा निघा. एवढं मौल्यवान नेणार असाल तर दागिन्यांच्या विम्यात प्रवास आणि समारंभ येतो का, ते एजंटला विचारा. दुकानाची पॉलिसी बहुधा दुकानापुरतीच असते. मुलीकडचे राजकारणातले आहेत म्हणताय, तर त्यांनाच स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज देऊन बंदोबस्त मागायला सांगा. हे काम ते तुमच्यापेक्षा लवकर करतील.

रिव्हॉल्व्हर त्या दोन दिवसांत दुकानाच्या तिजोरीत, गोळ्या काढून, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. घर-दुकान दोन्ही बंद राहणार आणि मनाला स्वस्थता नसेल, तर हत्यारं सुरक्षित ठेवून घ्यायचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवता येतं. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे खास परवानगीचा अर्ज करायलाही कायद्याने तुम्हाला मनाई नाही, पण पुतण्याच्या लग्नासाठी ती मिळेल अशी आशा मी तुमच्या जागी ठेवली नसती.

नूतनीकरणाचं शेवटी विचारलंत, पण माझ्या मते पत्रातला तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या ३०व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र प्रत्यक्षात माणसाला भोवतं ते १७वं कलम, ज्याखाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो. नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांचा अहवाल मागवतात, आणि त्यात लग्नातल्या एका तक्रारीची ओळ पुरेशी असते. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४मधल्या सरपंच हत्येनंतर हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती फिरल्या, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. तेव्हापासून इतर जिल्ह्यांतल्या गृह शाखाही फाईल उघडून बघतात. परवाना रद्द झाला तर १८व्या कलमाखाली अपील करता येतं, पण ते चालू असताना दुकानात तुम्ही रिव्हॉल्व्हरशिवायच बसलेले असाल. अर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी करा, दरोड्याच्या वेळच्या फिर्यादीची प्रत जोडा आणि परवाना युनिक क्रमांकासह राष्ट्रीय नोंदीत चढलाय याची खात्री करून घ्या. सराफ असणं आणि पूर्वी दरोड्याचा प्रयत्न झालेला असणं ही दोन्ही कारणं भक्कम आहेत.